ईस्टरच्या सणातील मुलांची जागा

ईस्टरचा सण महिना-दीड महिन्यावर आला, की पुष्कळ चर्चमधून एक लहानशी बैठक भरते. धर्मगुरू किंवा पाळक, रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या दोन-तीन भगिनी, गाण्याची बाजू सांभाळणारा एखादा हौशी तरुण आणि जमाखर्च पाहणारे एक वयस्क गृहस्थ, एवढी मंडळी जमतात. विषय ठरलेला असतो : यंदा मुलांसाठी काय करावयाचे? रंगविलेली अंडी, एखादे नाटुकले, चार गाणी, शेवटी खाऊ. कोणी म्हणते, मोठ्यांची उपासना चालू असताना मुलांना मागच्या अंगणात गुंतवून ठेवावे, म्हणजे गलबला होणार नाही. सूचना संमत होते आणि बैठक संपते.

श्रोतेहो, सभांची इतिवृत्ते वाचण्यात आणि लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य गेलेले आहे. इतिवृत्तात प्रश्न ज्या शब्दांत मांडलेला असतो, त्या शब्दांतच त्याचे उत्तर निम्मे दडलेले असते, असा माझा अनुभव आहे. ‘मुलांसाठी काय करावयाचे’ हा प्रश्न तसा अलीकडचा. या सणाचा दोन हजार वर्षांचा वृत्तान्त चाळला, तर त्याच्या जुन्या भागात निराळाच प्रश्न आढळतो : मुलांनी काय करावयाचे? या दोहोंत केवळ विभक्तीचा भेद आहे असे समजू नये. एकात मूल हे पाहुणे आहे, दुसऱ्यात ते घरचे माणूस आहे.

ईस्टरचे मूळ यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात आहे. येशूचा वधस्तंभ आणि पुनरुत्थान या घटना वल्हांडणाच्या सुमारास घडल्या, आणि म्हणूनच ग्रीक व लॅटिन भाषांत ईस्टरला ‘पास्का’ हे वल्हांडणाचेच नाव राहिले. आपल्या गोमंतकीय बांधवांच्या कोकणीतील ‘पास्कांचें फेस्त’ हे त्याच नावाचे नातवंड. वल्हांडणाच्या रात्री भोजनाच्या पंक्तीला मुलाने बापास विचारावयाचे असते, की ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग बापाने मिसर देशातील दास्याची आणि सुटकेची कथा सांगावयाची. हा काही घरगुती लाडाचा भाग नव्हे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात मुलाच्या प्रश्नाची स्पष्ट तरतूद आहे. प्रश्न विचारला गेल्यावाचून कथेला तोंड फुटत नाही.

पण मूल ते मूल. रात्र चढली की त्याचे डोळे मिटू लागतात. तालमूदमध्ये रब्बी अकिवा यांच्याविषयी एक गोड नोंद आहे. वल्हांडणाच्या पूर्वसंध्येस ते मुलांना भाजलेले धान्य आणि अक्रोडासारखा मेवा वाटीत असत. कशासाठी? तर मुलांनी झोपू नये आणि प्रश्न विचारावेत म्हणून. सणाच्या दिवशी मुलांना गुंतवून ठेवण्याचा हा फार जुना उपक्रम, आणि त्यात खाऊचा हेतू किती स्वच्छ आहे पाहा. मुलाला गप्प बसविण्यासाठी आपण लाह्या-फुटाणे देतो. अकिवा ते त्याला बोलते करण्यासाठी देत होते.

हा प्रश्न मराठीतही विचारला गेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्रायल लोक घरात मराठीच बोलत. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या ‘हग्गादा’ या पोथीची मराठी भाषांतरासह एक सुंदर आवृत्ती १८७४ साली पुण्यात निघाली. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या लुगड्यात आहेत. हजारो वर्षांपूर्वीचा तो प्रश्न पुण्याच्या छापखान्यातून मराठीत बाहेर पडलेला पाहून मोठी मौज वाटते.

आता यरुशलेमकडे वळू. चौथ्या शतकाच्या शेवटी, बहुधा ३८१ ते ३८४ या काळात, एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून तीर्थयात्रेला तेथे गेली आणि आपल्या मैत्रिणींसाठी तिने प्रवासाचे वर्णन लिहिले. ते पुढे हरवले, आणि १८८४ साली इटलीतील आरेत्सो या गावी त्याचे एक अपुरे हस्तलिखित सापडले. एगेरिया ही फार चांगली साक्षीदार आहे. ती मत देत नाही. कोण कोठून निघाले, किती वाजता, काय वाचले, लोक दमले का, हे ती सांगते. चांगल्या दप्तरातही यापेक्षा अधिक काही मिळत नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्याला आपल्याकडे झावळ्यांचा रविवार म्हणतात त्या दिवशी, दुपारी सगळे लोक जैतुनाच्या डोंगरावर जमत. दिवस कलता, मुलांनी फांद्या घेऊन प्रभूचे स्वागत केले तो शुभवर्तमानातील भाग वाचला जाई, आणि लगेच बिशप व सारा जनसमुदाय डोंगरावरून पायी उतरू लागे. त्या परिसरातील झाडून सारी मुले मिरवणुकीत असत. ज्यांना चालता येत नसे ती आईबापांच्या खांद्यावर बसलेली असत. आणि त्या खांद्यावरच्या मुलांच्या हातांतही फांद्या असत, कोणाच्या हाती खजुरीची, कोणाच्या हाती जैतुनाची. लोकांनी थकू नये म्हणून मिरवणूक अगदी हळूहळू चाले, आणि चर्चला पोहोचेपर्यंत रात्र पडे.

या वर्णनात मुलांसाठी वेगळा कार्यक्रम नाही. कार्यक्रम एकच आहे, आणि मुलांवाचून तो होऊच शकत नाही, कारण वाचलेल्या कथेतली मुले तीच आहेत. एगेरियाने आणखी एक लहानशी गोष्ट टिपली आहे. रोजच्या सायंप्रार्थनेत सेवक-धर्मगुरू लोकांची नावे एकेक करून उच्चारी, आणि तेथे उभी असलेली लहान मुले प्रत्येक नावाला ‘प्रभो, दया कर’ असा प्रतिसाद देत. त्यांचे आवाज अगणित वाटत, असे ती म्हणते. मोठ्यांच्या नावाने मुलांनी दया मागावयाची, ही केवढी जबाबदारी!

मध्ययुगातील युरोपात हा धागा तुटला नाही, मात्र त्याला गाठी पुष्कळ पडल्या. फ्रान्समधील तूल या गावच्या चर्चच्या पंधराव्या शतकातील नियमांत एक चमत्कारिक विधी सापडतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा आनंदाचा शब्द उपासनेत उच्चारावयाचा नसतो. तो काळ सुरू होण्यापूर्वी गायकवृंदातील मुले मातीचे एक ढेकूळ प्रेतासारखे वाहून नेत, मेणबत्त्या, पवित्र पाणी आणि धूप घेऊन शोक करीत जात, आणि त्या ‘आलेलुया’ला मूठमाती देत. ईस्टरला तो शब्द पुन्हा उठावयाचा. पुनरुत्थानावर प्रवचन ऐकून मुलाला जे समजले नसते, ते एक शब्द पुरून आणि आठवडेच्या आठवडे त्याची वाट पाहून समजले असेल, असे मला वाटते.

दुसरे काम घंटेचे. पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या उपासनेपर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात. घंटा रोमला गेल्या आहेत, अशी समजूत फ्रेंच मुलांना घालीत. मग प्रार्थनेची वेळ गावाला कळवावयाची कोणी? मुलांनी. लाकडी खटखटे फिरवीत मुले गल्लोगल्ली हिंडत आणि वेळ पुकारीत. लक्झेंबर्गमध्ये ही प्रथा आजही आहे, आणि या कामाची मजुरी म्हणून ईस्टरला घरोघरी मुलांना अंडी, मिठाई किंवा पैसे मिळतात. ‘मजुरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ती अंडी बक्षीस नव्हेत, काम केल्याचा मोबदला होत.

अंड्यांबद्दल फार गूढ बोलले जाते. त्यात नवजीवनाचे प्रतीक आहे, रिकाम्या कबरेचे रूपक आहे, हे सारे खरे असेल, परंतु त्यामागे एक साधा व्यवहारही होता. उपवासाच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र पंचांग कळत नाही. त्या अंडी घालीतच राहत. ईस्टरच्या सुमारास घरोघरी अंड्यांचे ढीग साचत आणि ती खपविणे भाग पडे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांचा खर्च १८ पेनी पडला आहे. ती रंगवून, काहींना सोन्याचा वर्ख लावून, ईस्टरला राजाच्या परिवारात वाटण्यात आली. हिशेबनीसाने कोणते रूपक मनात धरून ही नोंद केली असेल, असे मला वाटत नाही.

पुढे जर्मन प्रदेशात अंडी लपविण्याची रीत पडली. १६८२ साली गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाऊ या वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. आल्सास आणि आसपासच्या भागात ससा ही अंडी घालतो व बागेत, गवतात लपवितो, असे मुलांना सांगतात, असे त्यात आहे. वैद्यबुवांना सशापेक्षा मुलांच्या पोटाची काळजी अधिक होती. पुष्कळ अंडी एकदम खाल्ल्याने होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांनी गंभीरपणे इशारा दिला आहे. येथे सणाने एक वळण घेतलेले दिसते. अंडी आता काम केल्याबद्दल मिळत नाहीत, शोधल्याबद्दल मिळतात, आणि शोध चर्चच्या दारात नसून बागेत आहे. १८७३ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने आणि १८७५ साली कॅडबरीने चॉकलेटची अंडी बाजारात आणली. त्यानंतर मुलांचा ईस्टर दुकानदारांच्याही जमाखर्चात गेला.

सणातून मुलाला बाहेर काढण्याचे काम केवळ दुकानदारांनी केले, असे मात्र म्हणता येणार नाही. धर्मसुधारकांपैकी जे कडवे होते त्यांना या साऱ्या मिरवणुका, खटखटे आणि मातीची ढेकळे अंधश्रद्धा वाटली. इंग्लंडच्या पार्लमेंटने जून १६४७ मध्ये फर्मान काढून नाताळ, ईस्टर इत्यादी सण रद्दच करून टाकले. पण सण रद्द केले तरी सुट्टी रद्द करता येत नाही, हे कोणत्याही राज्यकर्त्याला लवकरच उमगते. म्हणून त्याच फर्मानात विद्यार्थी, उमेदवार कामगार आणि नोकर यांना दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी करमणुकीसाठी मोकळीक देण्यात आली. कागदावर हिशेब बिनचूक जुळला! परंतु ज्या दिवशी कोणतीच गोष्ट घडलेली नाही अशा मंगळवारी मुलाने आईला काय विचारावे? १६६० साली राजसत्ता परत आली आणि ते मंगळवार विस्मृतीत गेले.

मुलांना चर्चमध्ये पुन्हा आणले ते रविवारच्या शाळांनी. १७८० साली ग्लॉस्टर शहरात ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे चालक रॉबर्ट रेक्स यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी अशी शाळा उघडली. टाचण्यांच्या कारखान्यात आठवडाभर राबणारी ही मुले रविवारी रस्त्यावर दंगा करीत. रेक्स यांची अट साधी होती : हात-तोंड धुतलेले असावे आणि केस विंचरलेले असावेत. सकाळ-दुपार वाचन, मग चर्च, मग प्रश्नोत्तरी. ही चळवळ विलक्षण वेगाने पसरली, आणि अक्षरओळखीच्या दृष्टीने तिचे उपकार फार मोठे आहेत. पण तिच्याबरोबर एक सूक्ष्म बदल आला. चर्चमधील मूल आता विद्यार्थी झाले. प्रश्न विचारण्याचे काम शिक्षकाकडे गेले, आणि मुलाकडे राहिले ते छापील उत्तर पाठ म्हणणे. रब्बी अकिवांच्या पंक्तीला हा क्रम नेमका उलटा होता.

अमेरिकेत हीच शाळा आणखी नेटकी झाली. १८७२ साली तेथील निरनिराळ्या पंथांनी सर्व रविवारच्या शाळांना एकच पाठ्यक्रम ठरविला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, पूर्वी ईस्टर न पाळणाऱ्या अमेरिकन चर्चमधूनही फुलांची आरास आणि मुलांचा ईस्टर-कार्यक्रम रूढ झाला : गाणी, संवाद, पाठांतर, सारे छापून तयार. आज आपण ज्याला ‘मुलांचा ईस्टर कार्यक्रम’ म्हणतो, त्याचे घराणे बव्हंशी हे आहे. हिंदुस्थानातही १८७६ साली अलाहाबादेस रविवारच्या शाळांचा संघ स्थापन झाला. मिशनऱ्यांनी शाळा आणल्या, तसा कार्यक्रमाचा साचाही आणला. गाणी भाषांतरित, चाली विलायती. मराठी मुले ती मनापासून म्हणत असतील, पण त्या चालीवर त्यांचे पाऊल कितपत थिरकले असेल?

मराठी ख्रिस्ती समाजात या कोंडीची जाणीव झालेली माणसे होती. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आणि १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन चर्चमध्ये घरच्यासारखे आणून बसविले. टिळकांना मराठी रसिक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. मुलासाठी लिहिताना ते खाली वाकून बोलत नाहीत, ही त्यांची थोरवी. कीर्तनाला आणि भजनाला आणखी एक गुण आहे. त्यात श्रोता टाळी वाजवितो, पालुपद उचलतो. पाच वर्षांच्या मुलालाही ध्रुपद धरता येते, आणि ते धरले की ते मूल त्या कार्यक्रमाचे प्रेक्षक उरत नाही.

छापील कार्यक्रमाबाहेर, लोकरूढीत, मुलांची कामे आपल्या देशातही टिकून आहेत. वसईत आणि गोव्यात झावळ्यांच्या रविवारी पात्यांचे क्रूस विणले जातात, आणि थोरांच्या जाड बोटांपेक्षा मुलांची बोटे या कामी चपळ ठरतात. केरळातील प्राचीन सुरियानी ख्रिस्ती समाजाचा दाखला तर फारच सुरेख आहे. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तेथे ‘कोळुकट्टा’ करतात. तांदळाच्या पिठीच्या पारीत गूळखोबरे भरून उकडलेला हा पदार्थ कोणा मराठी माणसासमोर ठेवला, तर तो त्याला मोदकच म्हणेल. दुसऱ्या दिवशी, तेथील मलंकरा चर्चमधून, उपासनेत ‘ओशाना’ हा जयघोष आला, की मुले ओंजळीतली फुले उंच उधळतात. केव्हा उधळावयाची हे त्यांना ठाऊक असते. तो शब्द चुकू नये म्हणून ती साऱ्या उपासनेकडे कान देऊन उभी राहतात. लक्ष द्या, लक्ष द्या, असे त्यांना सांगावे लागत नाही.

विसाव्या शतकात रोमन कॅथलिक चर्चने या सणाची घडी नव्याने बसविली. ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरण-उपासना मध्यंतरीच्या शतकांत सरकत सरकत शनिवारच्या सकाळी येऊन पडली होती. भर उन्हात अंधारातल्या ज्योतीचा विधी व्हावयाचा! १९५१ साली प्रयोगादाखल आणि १९५५ साली कायमची ती पुन्हा रात्री नेण्यात आली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच झाले, पण मुलांच्या झोपेची जुनी अडचणही त्याबरोबर परत आली. खिशात लाह्या-फुटाणे घेऊन येणारा कोणी अकिवा त्या समितीत होता की नाही, कोण जाणे.

मुलांचा विचार थोड्या उशिराने झाला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी रोमहून मुलांच्या उपासनेसंबंधी एक मार्गदर्शिका निघाली. सरकारी परिपत्रके वाचून माझी रुची काहीशी बिघडलेली आहे, हे मान्य करूनही सांगतो, की हा दस्तऐवज वाचनीय आहे. त्यात मुलांसाठी काय करावे यापेक्षा मुलांनी काय करावे हे अधिक आहे : जागा आणि वेदी सजविणे, गाणे, वाद्य वाजविणे, वाचन करणे, अर्पणाच्या वस्तू वेदीपर्यंत नेणे. आणखी म्हटले आहे, की प्रवचनाच्या वेळी धर्मगुरूने मुलांशी संवाद करावा आणि मुलांनी उत्तरे द्यावीत. शिवाय एक मोठी मोकळ्या मनाची तरतूद आहे. मुलांच्या मनाशी जुळवून घेणे एखाद्या धर्मगुरूला अवघड जात असेल, तर चर्चच्या प्रमुख धर्मगुरूच्या संमतीने उपस्थितांपैकी दुसऱ्या कोणा प्रौढाने मुलांशी बोलावे. आपल्या अधिकाऱ्यास अमुक एक काम कदाचित जमणार नाही, असे लेखी मान्य करणारे परिपत्रक माझ्या नोकरीत मी दुसरे पाहिलेले नाही. बैठकीतल्या त्या रविवारच्या शाळेच्या भगिनींनी हे कलम जवळ ठेवावे. कार्यक्रमपत्रिका छापावयास जाण्यापूर्वी त्याचा उपयोग होईल.